सातूच्या चहाचं गाणं

मिझुनो-साननी मांजराचं चित्र आईच्या डोळ्यांसमोर धरलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

मी तोच प्रश्न मराठीत केला. "आई, हे काय?"

आईनं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठांची जुळवाजुळव झाली. "त," ती म्हणाली. "त... त." आणि तिनं कपाळाला आठी घातली. ती आठी माझ्या ओळखीची होती. कराडच्या कन्याशाळेत गाणं शिकवताना सूर चुकवणाऱ्या मुलीसाठी ती राखून ठेवलेली असायची. आता ती स्वतःसाठीच होती.

"दूध पिऊन जातं बघ," मी म्हटलं. "आपल्या मागच्या दारी यायचं. तू सांडशी फेकून मारायचीस, आणि कधी लागायची नाही."

"त."

"छान," मिझुनो-सान म्हणाल्या. त्या सगळ्यालाच छान म्हणत. वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणं हे त्यांचं काम. वय असेल पंचवीस-सव्वीस. त्यांनी मांजर खाली ठेवलं आणि छत्रीचं चित्र काढलं.

शेजारच्या खाटेवर तोमिको-सान नावाच्या नव्वदीच्या आजी टीव्ही पाहत पडल्या होत्या. जपानी इस्पितळात प्रत्येक खाटेजवळ एक छोटा टीव्ही असतो. तो विकत आणलेलं कार्ड घातल्याशिवाय चालत नाही, आणि कानात इअरफोन असल्याशिवाय लावायचा नाही, असा नियम असतो. तोमिको-सान कुशीवर वळल्या, इअरफोनची पिन ओढली जाऊन निघाली आणि खोलीभर एक गाणं सांडलं.

छत्री हवेतच राहिली. कारण आई गायला लागली होती.

उजवा हात पांघरुणावर परक्याचा असावा तसा पडलेला, तोंडाचा एक कोपरा ओघळलेला, आणि त्या तोंडातून सूर येत होता. नुसता सूर नाही. शब्द. जपानी शब्द, एकामागून एक, घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यांसारखे स्वच्छ. तोमिको-सान "माफ करा, माफ करा" म्हणत पिन चाचपडत होत्या. गाणं संपलं तेव्हा आईही थांबली.

"तुमच्या आईंना जपानी येतं?" मिझुनो-साननी विचारलं.

"एक अक्षर येत नाही."

"मग हे?"

"सातूच्या चहाची जाहिरात आहे ती," मी म्हटलं.

मिझुनो-सान हसल्या. तोमिको-साननी उताण्या पडूनच टाळ्या वाजवल्या. मी मात्र आईच्या तोंडाकडे पाहत होते. जाहिरात जिथे तुटते, बरोबर तिथेच ती थांबली होती. मी वाट पाहिली. पुढचं आलं नाही.

*

मी तेव्हा हामामात्सुला एका यंत्रांच्या कारखान्यात भाषांतराचं काम करत होते. बाबा गेल्यावर कराडच्या घरात आई एकटी पडली, म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिला माझ्याकडे आणली. मी सकाळी जायची ती अंधार पडता परत यायची. दिवसभर आई आणि टीव्ही. तो ती कधी बंद करू द्यायची नाही. "घरात माणसाचा आवाज हवा," म्हणायची. "कळला नाही तरी चालेल. तुझ्या बाबांचं बोलणं तरी मला कुठे सगळं कळायचं?"

बातम्या तिला कळत नव्हत्या, मालिका कळत नव्हत्या. जाहिराती मात्र ती परीक्षकासारखी ऐकायची. तिकडे जाहिरातीसाठी मुद्दाम गाणं बांधतातच असं नाही. लोकांच्या ओठांवर असलेलं, नाहीतर पंचवीस-तीस वर्षांपूर्वी गाजून गेलेलं एखादं गाणं घेतात, त्यातला सगळ्यांत गोड तुकडा कापतात आणि त्यावर चहा, कॉफी, बिअर विकतात. उन्हाळ्यात थंड पेयांच्या गाण्यांची नुसती रांग लागते. आईनं कॉफीचं गाणं पास केलं होतं. बिअरच्या गाण्याला ती 'आरडाओरडा' म्हणायची. पण सातूच्या चहाचं गाणं लागलं की हातातलं काम खाली ठेवायची.

तो चहा म्हणजे भाजलेले सातू उकळून गाळलेलं गार पाणी. पहिल्यांदा घोट घेतला तेव्हा ती म्हणाली होती, "अगं, हे तर सातूचं पाणी! आजाऱ्याला देतात ते. हे लोक हौसेनं पितात?" आठवडाभरानं फ्रिजमधली बाटली माझ्याआधी तीच संपवू लागली.

जाहिरातीत काही नव्हतं. एक मुलगी सायकल ढकलत नदीचा बांध चढते, घामाघूम होते, घरी येऊन दारातच उभ्यानं ग्लासभर चहा गटागटा पिते. मागे एका बाईचा आवाज आणि पियानो. शेवटची ओळ वर चढत जाते, आणि चढून जिथे उतरायची तिथे बाटलीचं चित्र येतं.

"संपलं?" आईनं पहिल्या दिवशी विचारलं.

"संपलं. पंधरा सेकंदांचीच असते जाहिरात."

"संपलं कसं? समेवर कुठे आलं? वर चढवलंन् आणि खालून शिडी काढून घेतली."

"आई, चहा विकायचाय त्यांना."

"विकू देत की. पण पंगतीला बसवायचं, वरणभात वाढायचा आणि तूप वाढायच्या आधी 'उठा' म्हणायचं, असं करतात का कुणाला?"

दोन दिवस तिला चैन पडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी आले तर ती स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होती. बाहेर टीव्हीवर ते गाणं आलं, चढलं, तुटलं, आणि तुटल्या जागेवरून आईनं ते उचललं. पाच-सहा सूर, जिन्यावरून जपून उतरावं तसे खाली आले आणि सा वर टेकले. त्या टेकण्यावर तिनं ओट्यावर तळवा ठेवला. थाप नव्हे, नुसता ठेवला.

"हं," ती म्हणाली. "आता झालं."

मग हे रोजचंच झालं. गाणं जपानचं, शेवट कराडचा. एकदा तिनं शब्दांचा अर्थ विचारला.

"'उन्हातून आलास, पाय धुऊन घे, नदीनं तुझ्यासाठी सावली राखून ठेवलीय,' असं काहीसं आहे."

"आणि मग?"

"मग चहा."

ती इतकी हसली की कोथिंबिरीची काडी तिच्या हातून खाली पडली. मी म्हटलं, "हे जुनं गाणं आहे, आई. पूर्ण मिळेल. शोधून आणू?"

"नको," ती म्हणाली. "माझं मी केलंय पुरं. आता त्यांचं कशाला ऐकू?"

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तिनं दुधाचं पातेलं उचललं आणि ते तिच्या हातातून गेलं. मी पुसायला फडकं घेऊन धावले. आई दुधात उभी होती आणि माझ्याकडे पाहून काहीतरी सांगत होती, आणि ते मराठी नव्हतं, कुठलीच भाषा नव्हती. डॉक्टरांनी नंतर मेंदूचं चित्र दाखवलं. डाव्या बाजूला एक नस बंद झाली होती. उजवं अंग गेलं होतं आणि शब्द गेले होते.

"गाणं दुसऱ्या बाजूला राहतं," आई गायली त्या दिवशी मिझुनो-साननी मला बाहेर बोलावून समजावलं. "बोलण्याचं घर जळलं तरी गाण्याचं घर उरतं कधीकधी. आपण त्या वाटेनं जाऊ. त्याच चालीवर तुमच्या भाषेतले शब्द बसवा. रोज लागणारे, सोपे. तुम्ही गा. त्या मागून म्हणतील."

"मी?"

"मला मराठी येत नाही."

"मला गाता येत नाही."

"छान," मिझुनो-सान म्हणाल्या. "मग दोघी शिकाल."

*

माझं नाव आसावरी आणि माझ्या भावाचं केदार. आईनं हौसेनं दोन राग पाळण्यात घातले. दादाच्या हाताला निदान तबला तरी लागला. घरी आई पेटी घेऊन बसली की तो ठेका धरायचा. तिनं तळवा पेटीवर आपटला की पुन्हा पहिल्यापासून, अलगद ठेवला की संपलं, हात थांबवायचा. माझ्याबद्दल आई पाहुण्यांना सांगायची, "तंबोराच आहे. भोपळा आलाय, तारा बसवायच्या राहिल्यात."

तर अशी मी, चाळिशीच्या उंबरठ्यावर, इस्पितळाच्या खोलीत खाटेशेजारी बसून सातूच्या चहाच्या चालीवर गायला लागले: "पाणी हवं का, दुखतंय का कुठे, कूस बदलू का..." तोमिको-सान इअरफोन काढून ठेवायच्या आणि ऐकायच्या. त्यांना भारतीय संगीताबद्दल काय वाटलं असेल कोण जाणे.

आईनं पहिल्याच ओळीला डोळे मिटून घेतले. मग कपाळाला आठी आली. मग डाव्या हाताची तर्जनी हळूहळू पांघरुणातून वर आली आणि छताकडे वळली.

मिझुनो-सान एकदम पुढे झाल्या. "काहीतरी मागताहेत! वर? वर काय? दिवा? खिडकी?"

"नाही," मी म्हटलं. "माझा गंधार उतरलाय. चढव म्हणतेय."

कन्याशाळेतही तिची हीच खूण होती. त्या बोटापायी मला समूहगीतातून काढून हस्तकलेच्या वर्गात बसवलं होतं. महिनाभरात आईनं केलेली पहिली गोष्ट, जी मला पूर्ण कळली, ती ही. मी पुन्हा गायले. पुन्हा बोट वर. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम आणखी दोनदा चुकले. मुद्दाम चुकायची गरज नव्हती, हा भाग वेगळा.

मग आमचा एक क्रम ठरून गेला. कारखान्यातून मी लवकर निघायची. तळमजल्यावरच्या यंत्रातून टीव्हीचं कार्ड घ्यायची, आईचा टीव्ही लावायची, इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, दुसरं माझ्या. जाहिरात केव्हा येईल सांगता यायचं नाही. स्वयंपाकाचे कार्यक्रम, सुमोची कुस्ती, हवामान, सगळं ओलांडत आम्ही तिची वाट पाहायचो. ती आली की आई गायची. तुटायची तिथे थांबायची. मी लगेच त्याच चालीवर माझे शब्द घालायची.

सप्टेंबर निम्मा गेला होता. त्या दिवशी जाहिरात झाली, मी "पाणी हवं का" सुरू केलं, आणि "का" च्या आधीच आई माझ्याबरोबर आली.

"पाणी," ती गायली.

मिझुनो-साननी माझा दंड धरला. आई पुन्हा गायली. "पाणी." चालीतले तेच दोन सूर, पण ते मराठी होतं, आणि ती माझ्याकडे पाहत होती. ती म्हणून दाखवत नव्हती. मागत होती.

आणि मी तिला पाणी देऊ शकत नव्हते. तिचा घसा अर्धा लुळा पडला होता. पाण्याचा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनळीत जाई. तिला जे काही पातळ द्यायचं त्यात एक पांढरी पूड घालून ते खिरीसारखं दाट करायचं, चमच्यानं भरवायचं, गिळेपर्यंत थांबायचं. खाटेच्या डोक्याशी तसा लाल अक्षरांतला फलक लावला होता. मी सातूच्या चहात पूड घातली, ढवळली, चमचा ओठांशी नेला.

आईनं त्या लिबलिबीत गोळ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"घे ना, आई. चहाच आहे. तुझा सातूचा."

"पाणी," ती गायली.

टीव्हीवर काही वेळानं ती मुलगी पुन्हा सायकल ढकलत बांध चढली आणि दारात उभी राहून गटागटा प्यायली. मी टीव्ही बंद केला. कार्डावर अजून बरेच तास उरले होते.

*

सप्टेंबर संपला आणि जाहिरात बंद झाली. तिकडे पेयांचे ऋतू असतात. सातूचा चहा उन्हाळ्याचा. हवा पालटली की एका रात्रीत तो दुकानांच्या दर्शनी भागातून उठतो, आणि त्याच्याबरोबर त्याचं गाणंही. त्याच्या जागी गरम कॉफी आली, तिचं गाणं आलं, एक म्हातारा गृहस्थ बाकावर बसून कॉफीचा डबा उघडतो असं. आई ते ऐकायची नाही. मी इअरफोन कानात घातला की ती डोळे मिटून वाट पाहायची, आणि बऱ्याच वेळानं डोळे उघडून माझ्याकडे पाहायची.

"मोसम संपला, आई," मी सांगायची. "पुढच्या उन्हाळ्यात लागेल."

मी स्वतःच गायची मग. ती मागून यायची, कधी एक शब्द, कधी नाही. तुटतं तिथे थांबायची. तिचा तो शेवट, ओट्यावर तळवा ठेवायचा तो, एकदाही आला नाही. तिला तो आठवत नसावा असं मला वाटू लागलं होतं.

मग ताप आला. इतकी काळजी घेऊनही काहीतरी छातीत उतरलं होतं. तोंडानं देणं पूर्ण बंद झालं, अगदी तो दाट चहासुद्धा. नुसती सलाइन. डॉक्टरांनी मला छोट्या खोलीत बसवलं. साठीचे, सौम्य गृहस्थ होते. त्यांनी दोन मार्ग सांगितले. पोटाला छिद्र करून नळी बसवायची आणि तिच्यातून अन्न द्यायचं. तसं केलं तर आई पडल्या जागी महिनोन् महिने, कदाचित काही वर्षं राहील. बोलणं-गिळणं परत येईल असं ते म्हणू शकत नव्हते. नाहीतर नळी घालायची नाही, सलाइनवर ठेवायचं, त्रास होऊ द्यायचा नाही, आणि जे होईल ते होऊ द्यायचं.

"तुमच्या आईंची इच्छा काय होती?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं. भाषांतर करणाऱ्या माणसाला अशा खोडी असतात. "काय आहे, असं विचारायचंय ना तुम्हाला?"

त्यांनी मान लववून क्षमा मागितली. "पण ती कळणार कशी?" ते म्हणाले. "घाई नाही. या आठवड्यात ठरवा."

वॉर्डात मोबाइल बंद ठेवावा लागे. कॉरिडॉरच्या टोकाला हिरवा सार्वजनिक फोन होता, त्यावरून मी पुण्याला दादाला फोन लावायची. त्याच्या व्हिसाचे कागद अडकले होते आणि त्याचा सगळा राग माझ्यावर निघत होता.

"नळी घाला म्हणून सांग," तो म्हणाला. "त्यात विचारायचं काय? उपाशी ठेवणार का आईला?"

"दादा, ती इथं अशी पडून..."

"पडून तर पडून. मी येतोय ना. मी येईपर्यंत काय वाट्टेल ते करा, पण ठेवा."

"तिला नको असेल तर?"

"तिनं सांगितलंय का तुला नको म्हणून?"

"ती बोलत कुठे?"

"गाते ना?" तो ओरडला. "तूच सांगतेस रोज, आज हे गायली, आज ते गायली. मग गाऊन विचार!"

तो चिडून म्हणाला होता. फोन ठेवल्यावर मी ते खरंच करायचं ठरवलं. माझ्यापाशी दुसरं काहीच नव्हतं.

आयुष्यभर मी दुसऱ्यांची वाक्यं एका भाषेतून दुसरीत नेली होती. यंत्रांच्या माहितीपुस्तकात न मावणारी वाक्यं मावतील अशी करणं, हेच माझं पोटापाण्याचं काम. पण ते एक वाक्य बसेना. "पोटातून नळी" त्या गोड चालीवर भयंकर वाटायचं. "जगायचंय का तुला" हे कुणी आपल्या आईला कुठल्याही चालीवर विचारू नये. शेवटी एवढंच उरलं: "नळीनं भरवू का, की राहू दे, आई?"

दुपारची वेळ होती. पडद्यातून ऊन येत होतं. मिझुनो-सान खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. तोमिको-साननी न सांगता टीव्ही बंद केला. आईचा ताप थोडा उतरला होता, डोळे उघडे होते. मी तिला आधी साध्या बोलण्यात सगळं सांगितलं, डॉक्टरांनी मला सांगितलं तसं, काही न लपवता. तिला किती कळलं माहीत नाही. मग मी गायले.

तिनं ऐकलं. डावा हात हलला. तर्जनी वर आली.

"आई, सूर राहू दे गं आता," मी म्हटलं. "मी काय विचारलं ते सांग. भरवू का? हो तर माझा हात दाब."

हात दाबला नाही. बोट वरच.

मी पुन्हा गायले. बोट पुन्हा वर. तिसऱ्यांदा गाताना माझा आवाज मध्येच फाटला. मी पाणी प्यायले, आणि तिच्यासमोर पाणी प्यायले हे लक्षात येऊन भांडं खाली लपवलं. पुन्हा गायले. ती माझ्याकडे अशी पाहत होती, जशी वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीकडे पाहायची. रागानं नाही. येईल, येईल, अशा नजरेनं. किती वेळ हे चाललं सांगता येणार नाही. कधीतरी मी अर्थ सोडून दिला. नळी, पोट, राहू दे, सगळं नुसते अक्षरांचे आवाज झाले आणि मी त्या एका सुरामागे लागले, ज्याच्यामागे आठ वर्षांची असताना लागायला हवं होतं.

आणि तो लागला. मलाही कळलं की लागला. असं माझ्या आयुष्यात एकदाच झालंय.

आईचं बोट खाली आलं. तिनं डोळे मिटले. मी ओळीच्या टोकाशी, जाहिरात तुटते तिथे, थांबले होते.

तिथून आईनं उचललं.

शब्द नव्हते. आवाज म्हणजे नुसता वारा होता. पाच-सहा सूर, एकेक पायरी चाचपत, खाली, खाली, आणि सा. तिचा तळवा पांघरुणावरून उचलला गेला आणि अलगद खाली टेकला. मान किंचित हलली.

"हे जाहिरातीत नाही," काही वेळानं मिझुनो-सान हळूच म्हणाल्या.

"नाही."

"काय म्हणाल्या त्या?"

मी आईचं पांघरूण सारखं केलं. त्यांनी छान म्हटलं नाही.

*

संध्याकाळी मी हिरव्या फोनपाशी गेले.

"विचारलंस?" दादानं विचारलं.

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"काही म्हणाली नाही. माझा सूर दुरुस्त केला."

"आसा, मस्करी करू नकोस."

"दादा, ऐक. ते गाणं अर्धं असतं, तुला सांगितलं होतं. उन्हाळ्यात घरी असताना ती त्याला शेवट लावायची. आजारी पडल्यापासून एकदाही लावला नव्हता. आज लावला. समेवर आणलं तिनं आणि हात ठेवला."

मला वाटलं फोन तुटला.

"दादा?"

"हात कसा ठेवला?"

"तळवा. हळू."

"ठेवला, का आपटला?"

"ठेवला."

मग तो बोलला तेव्हा त्याचा आवाज लहानपणचा होता. आई पेटीचा भाता बंद करायची तेव्हा त्याला अजून वाजवायचं असायचं, आणि तो असा बोलायचा.

"मग आता आपण काय वाजवत बसायचं?" तो म्हणाला.

सकाळी मी डॉक्टरांना सांगितलं, नळी नको. त्यांनी मान लववली. "आईंनी सांगितलं का?" असं त्यांनी विचारलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची आजवर आभारी आहे.

दादा पोचला तेव्हा आई होती. ती डोळे उघडत नव्हती. त्यानं पिशवी खाली ठेवली, बूटही काढले नाहीत, तिचा डावा हात उचलला आणि त्या तळव्याखाली आपला तळवा सरकवला. तसाच बसून राहिला. मी, तो आणि तोमिको-सान, तिघं होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली.

*

पुढच्या उन्हाळ्यात जाहिरात पुन्हा लागली. सायकलवाली मुलगी बदलली होती, गाणं तेच होतं. त्यानंतरच्या वर्षी गाणंही बदललं. मी नोकरी बदलली, मग गाव बदललं.

पूर्ण गाणं मी कधी शोधलं नाही. आईनं नको म्हटलं होतं. पण एकदा टॅक्सीत बसले असताना रेडिओवर ते लागलं, त्याच बाईच्या आवाजात, आणि मला उतरता येईना. ओळ चढली, ती जागा आली, आणि गाणं खाली आलंच नाही. तिथून ते आणखी वर गेलं, दुसरं कडवं, तिसरं कडवं, कुठल्या कुठे. आईनं लावलेला शेवट त्यात नव्हता. तो कुठेच नव्हता. तिच्या गळ्यात होता, आणि आता माझ्या कानात आहे. आणि माझा कान सुराला किती पक्का, ते सांगून झालंय.

दरवर्षी मी पुण्याला जाते. एखाद्या दिवशी चहा झाला की दादा कोपऱ्यातला तबला पुढे ओढतो आणि माझ्याकडे न पाहता म्हणतो, "म्हण." तो साधा केरवा धरतो. मी गाते. उन्हातून आलास, पाय धुऊन घे. ती चढण येते, तो गंधार येतो, मी तिथून जशी जमेल तशी उतरते आणि दादाची थाप समेवर पडते. ती मात्र नेमकी पडते.

"उतरला का रे गंधार?" मी विचारते.

"मला कसं कळणार?" दादा म्हणतो. "हे गाणं मी कुठे ऐकलंय तिच्या तोंडून?"

बोट कुणी वर करत नाही.